राइसच्या कॅम्पसवरचं चौकोनी आभाळ आणि आईचं खिद्रापूर

वसुधा_टेक्सास

आई ह्यूस्टनला आली की दोन आठवड्यांत दाखवण्यासारखं सगळं संपतं. नासा झालं, गॅल्व्हेस्टनचा समुद्र झाला ("पाणी किती गढूळ गं हे"), पेअरलँडचं मीनाक्षी मंदिर झालं, कॉस्टको तर तीनदा झालं. मग नवरा म्हणाला, राइस युनिव्हर्सिटीत त्या जेम्स टरेल नावाच्या कलाकाराचं स्कायस्पेस आहे ना, तिथे ने, फुकट आहे. फुकट म्हटल्यावर आई लगेच चप्पल घालून तयार.

ज्यांनी पाहिलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते. नाव ट्वायलाइट एपिफनी, २०१२ साली राइसला शंभर वर्षं झाली तेव्हा बांधलंय, संगीताच्या कॉलेजच्या अगदी शेजारी. लांबून बघितलं तर नुसता गवताचा उतरता ढिगारा, वरून कापलेल्या पिरॅमिडसारखा, आणि त्याच्यावर तरंगल्यासारखं पातळ पांढरं चौकोनी छत. छत ७२ बाय ७२ फुटांचं आणि त्याच्या बरोब्बर मध्ये १४ बाय १४ फुटांचं भोक. बस. मूर्ती नाही, चित्र नाही, पाटी वाचायला नाही. आत भिंतीला टेकून बसायला बाक, वरच्या बाजूलाही आणि खालीही, मिळून सव्वाशेच्या आसपास माणसं मावतात. सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला छताच्या खालच्या बाजूवर एलईडीचे रंग हळूहळू बदलत जातात आणि तुम्ही त्या भोकातून आभाळ बघत बसायचं. साधारण चाळीस मिनिटं.

मार्च संपत आला होता, सूर्यास्त पावणेआठच्या आगेमागे. आम्ही खालच्या बाकावर बसलो. पहिली पाच मिनिटं मला वाटलं आता आई म्हणणार "झालं का, निघूया का". आमची आई म्हणजे सिरियलमध्ये कोणी गप्प बसलं तरी त्याच्या वतीने बोलणारी बाई! पण ती काही बोलेना. छत आधी पिवळट झालं, मग गुलाबी, आणि आभाळ असं काही निळं झालं की मी चष्मा काढून पुसला. दहाएक मिनिटांनी माझ्या कानाशी येऊन हळूच विचारते, "वर कापड लावलंय का गं?"

मी म्हटलं नाही, उघडंच आहे. तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नीट पटत नव्हतं, कारण तो चौकोन खोल दिसतच नव्हता, छतावर निळा कागद चिकटवल्यासारखा सपाट. तेवढ्यात एक ग्रॅकल (इथले ते काळे कर्कश पक्षी, पार्किंग लॉटमध्ये असतात ते) त्या कागदावरून या कडेकडून त्या कडेला गेला आणि आई दचकली. माझा हात धरला. कापडातून पक्षी गेला ना!

परत येताना गाडीत बराच वेळ काही बोलली नाही आणि मग एकदम म्हणाली, "हे आपलं खिद्रापूरच की." आईचं माहेर कुरुंदवाड. मी लहानपणी एकदाच गेलेय खिद्रापूरच्या देवळात, मला आठवतात फक्त हत्ती आणि पाय भाजले ते. कोणी सांगेल का, ती म्हणते त्यात तथ्य आहे का? आणि दुसरं, तुम्ही कोणी असं काही बघितलंय का कुठे, तुम्हाला काय वाटलं?

---

आगाऊ_काका

धागा वाचला. छताला भोक पाडून ठेवलंय आणि लोक खाली बसून वर बघतात. आमच्या चाळीत पावसाळ्यात हे आम्ही दरवर्षी केलंय, खाली बादली ठेवून. आम्हाला कोणी आर्टिस्ट म्हटलं नाही.

---

निळी_शाई

काका =)) =))

पण वसुधाताई, "कापडातून पक्षी गेला" वाचून अंगावर काटा आला.

---

रंगारी

काकांच्या बादलीला मानाचा मुजरा, पण त्या भोकात आणि या भोकात फरक आहे आणि तो फरक म्हणजेच सगळं काम आहे. मी पेंटर आहे (घरं रंगवणारा नाही, दुसरा, पण घरंही रंगवलीत), त्यामुळे थोडं लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

आईंना कापड वाटलं त्याची दोन कारणं. पहिलं म्हणजे कड. साध्या छताला भोक पाडलं की स्लॅबची जाडी दिसते, सहा इंच, आठ इंच जे काय असेल ते, आणि ती जाडी दिसली की डोळ्याला लगेच कळतं की छत इथे संपलं आणि आभाळ त्याच्या पलीकडे लांब आहे. टरेल काय करतो, ती कड वरच्या बाजूने तिरकी घासून सुरीच्या पात्यासारखी पातळ करतो. खालून बघणाऱ्याला जाडी दिसतच नाही. मग डोळ्याकडे अंतर मोजायला काही राहत नाही आणि आभाळ छताच्या पातळीवर येऊन बसतं. विमान किंवा पक्षी गेला की तेवढ्यापुरतं ते परत मागे जातं. तुमच्या ग्रॅकलने तेच केलं.

दुसरं कारण रंग. आपण रंग एकटा कधीच बघत नाही, शेजारच्याच्या संगतीत बघतो. साडीच्या दुकानात गेल्यावर बायका साडी बाहेर उजेडात नेऊन का बघतात? आणि तीच जांभळी साडी हिरव्या काठाला वेगळी दिसते, नारिंगी काठाला वेगळी. इथे काठ म्हणजे छत आणि साडी म्हणजे आभाळ. छत नारिंगी केलं की आभाळ गडद निळं दिसणार, छत निळं केलं की तेच आभाळ राखाडी, फिकट, कधी पिवळसर. छत जास्त उजळ केलं की आभाळ काळं ठिक्कर पडतं, बाहेर अजून संधिप्रकाश असला तरी. आभाळाला त्याने हातही लावलेला नसतो, काठ बदलतो फक्त. बाहेर येऊन बघा, आभाळ नेहमीचंच असतं.

माणूस १९४३ चा आहे, लॉस एंजेलिसचा, कॉलेजात शिकला तो पर्सेप्च्युअल सायकॉलॉजी, म्हणजे डोळा आणि मेंदू मिळून आपल्याला कसं बनवतात ते. वर पायलट. त्यामुळे आभाळ हा त्याचा घरचा विषय.

---

आगाऊ_काका

साडीचं उदाहरण पटलं. सौ. ना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या यात नवीन काय.

---

कृष्णाकाठ

वसुधाताई, मी शिरोळ तालुक्यातलाच. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, बाईंनी बरोबर पकडलंय.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं, कृष्णेच्या काठावर. तुम्हाला आठवतात ते हत्ती मंदिराच्या बाहेरच्या बाजूला, पाठीवर सगळं मंदिर पेलून उभे असल्यासारखे. पण आई म्हणतात तो भाग म्हणजे पुढचा स्वर्गमंडप. मूळ मंदिरापासून थोडा सुटा, आत गोलात १२ खांब, आणि वर छत नाही. म्हणजे छत आहे पण मध्ये गोल मोकळं सोडलंय, साधारण १३ फूट व्यासाचं. आता बघा, तुमच्याकडे १४ फुटांचा चौकोन आणि आमच्याकडे १३ फुटांचं वर्तुळ!! आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीत तेवढीच मोठी एक अखंड गोल शिळा. छताच्या कडेला दिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेले.

उघडं का सोडलं तर होमाचा धूर वर जावा म्हणून, असं गावात सांगतात. पण गंमत त्रिपुरी पौर्णिमेला. मध्यरात्रीच्या सुमाराला चंद्र वर येतो आणि त्या भोकातून चांदणं सरळ खालच्या शिळेवर पडतं, गोलात गोल. आम्ही लहान असताना आजोबा न्यायचे. तेव्हा शे-दोनशे माणसं असायची, कंदील विझवायचे, कोणीतरी अभंग म्हणायचं आणि मग तेही थांबायचं.

तिथे शंकरासमोर नंदी नाही हे आईंनी सांगितलं का? नंदी नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे अशी कथा आहे.

---

वसुधा_टेक्सास

@कृष्णाकाठ आईला फोनवर वाचून दाखवलं, ती शेजारच्या खोलीत होती तरी फोनवर, तिला तसंच आवडतं. नंदीचं ऐकून "अगं हो, यडूरचा" आणि मग सती, दक्षाचा यज्ञ, कोप धरला म्हणून कोपेश्वर, वीस मिनिटं. ती गप्प बसलेली चाळीस मिनिटं वसूल झाली.

@रंगारी कड पातळ असते हे माहीत नव्हतं! पुढच्या वेळी बघते.

---

खट्याळ_बोका

आलंच शेवटी. आमच्याकडे बाराव्या शतकात होतं, विमानही होतं, प्लॅस्टिक सर्जरीही होती, आता स्कायस्पेसही. टरेलने खिद्रापूर बघून कॉपी मारली असं अजून कोणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

---

कृष्णाकाठ

बोकोबा, मी कॉपी म्हटलेलं नाही. परत वाचा.

---

रोमची_सुट्टी

छताला भोक हवंच असेल तर रोमचं पॅन्थिऑन, खिद्रापूरच्या हजारभर वर्षं आधीचं, घुमटाला वर जवळजवळ नऊ मीटरचं उघडं वर्तुळ. पाऊस आला की सरळ आत पडतो, फरशीला पाणी जायला बारीक भोकं ठेवलीत. मी गेले तेव्हा पाऊस पडत होता आणि गार्डनी त्या ओल्या गोलाभोवती दोरी लावली होती, सगळे दोरीभोवती उभे राहून पाऊस बघत होते. देऊळ बघायला आलेली माणसं पाऊस बघतायत. त्यामुळे पहिलं कोणाचं या भांडणात काही अर्थ नाही.

---

रंगारी

सहमत. आणि मला उलट दोघांतला फरक जास्त इंटरेस्टिंग वाटतोय. खिद्रापूरला (गेलोय मी, स्केच करायला, दोन दिवस) बघण्याची गोष्ट खाली आहे. चांदणं येतं, शिळेवर पडतं, आपण शिळेकडे बघतो. पॅन्थिऑनमध्येही उन्हाचा कवडसा भिंतीवरून फिरतो आणि लोक कवडशामागे. राइसला खाली काही पडतच नाही. सूर्य बुडालेला असतो किंवा उगवायचा असतो, त्यामुळे कवडसा नाही, सावली नाही. वर बघण्याशिवाय तुमच्याकडे काही कामच ठेवलेलं नाही त्याने.

बाकी कार्तिकातच का, तर तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली गेलेला असतो आणि पौर्णिमेचा चंद्र नेमका त्याच्या समोर, म्हणजे वर चढलेला. शिरोळच्या अक्षांशावर मध्यरात्री तो जवळपास डोक्यावर येतो. उन्हाळ्यातल्या पौर्णिमेला चंद्र तिरका जाईल, शिळा चुकेल. ज्याने ते बांधलं त्याला हे पक्कं माहीत होतं की जुळून आलं, मी सांगू शकत नाही, पण जुळतं खरं.

---

डॅलसकर

आमच्या डॅलसची गोष्ट ऐका मग. इथे नॅशर स्कल्प्चर सेंटर आहे, २००३ साली उघडलं, त्याच्या बागेत मागच्या बाजूला टरेलचंच एक होतं, टेंडिंग (ब्लू) नावाचं. छोटी काळ्या दगडाची खोली, आत बाक, वर चौकोन. मी ऑफिसमधून लंच अवरला जायचो. डबा बाहेर खायचा आणि आत दहा मिनिटं. लेऑफच्या काळात तर रोज.

मग समोर म्युझियम टॉवर उभा राहायला लागला. बेचाळीस मजले, सगळी काच. एक दिवस बाकावर बसून वर बघतो तर चौकोनाच्या कोपऱ्यात बिल्डिंग. निळ्या कागदावर कोणीतरी स्टेपलर ठेवल्यासारखी. एवढीशीच होती हो, पण एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. टरेलने सरळ जाहीर केलं की हे काम नष्ट झालं, आणि ते बंद केलं. भिंती होत्या तशाच होत्या, बाक होता, भोक होतं. कोणी हातोडा मारला नाही. पण संपलं. वरून त्या काचेचं रिफ्लेक्शन म्युझियमच्या छतातून आत यायला लागलं, बागेतली झाडं करपायला लागली, त्यावरून शहरात वर्षानुवर्षं भांडण.

न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये त्याचं मीटिंग म्हणून आहे, पीएस वन म्युझियममध्ये, एकदम जुनं, ऐंशीच्या दशकातलं. तिथेही २०१९ मध्ये शेजारच्या नव्या टॉवरचं स्कॅफोल्डिंग चौकोनात डोकावलं म्हणून बंद ठेवायला लागलं होतं.

---

करवीरी

अहो डॅलसकर, हे तर आमचं दरवर्षीचं!! अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि जानेवारीअखेरीला ३१ पासून २ फेब्रुवारीपर्यंत, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत येत गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. म्हणजे पोचायला पाहिजेत. वाटेत घरांचे मजले वाढले, पत्रे आले, पाण्याच्या टाक्या, बोर्ड. किती वर्षं बातम्या येतात, मोजण्या होतात, अमुक बांधकाम किरणांच्या वाटेत येतंय, काही काढलीही. आणि तेवढं सगळं करून त्या दिवशी नेमकं ढग येतात नाहीतर धूळ.

मी लहान असताना वडिलांच्या खांद्यावरून बघायचे. सगळं देऊळ गच्च आणि तरी आवाज नाही. पुजारी सांगायचे, गरुड मंडपाशी आली, आता उंबऱ्याशी आली, आणि लोक श्वास धरून. एका वर्षी कमरेपर्यंत येऊन विझली. कोणीतरी म्हणालं "गेली". घरी येईपर्यंत बाबा गप्प होते.

---

डॅलसकर

"कमरेपर्यंत येऊन विझली." तुमच्याकडे निदान मोजणी होते, टाकी काढतात. इथे बेचाळीस मजले कोण काढणार.

---

आगाऊ_काका

आता मी गंभीरपणे विचारतो. आभाळ दाखवायला टरेल लागतो का? गच्चीवर जा, गादी टाका, वर बघा. आम्ही अख्खं बालपण गच्चीवर झोपून काढलं, सप्तर्षी पाठ होते. मोकळं आभाळ सोडून त्याला भिंती घालायच्या आणि मग त्याचा १४ फुटांचा तुकडा बघायला रांग लावायची, हे मला समजत नाही. आणि ते ॲरिझोनात ज्वालामुखी विकत घेऊन खोदतोय तोच ना हा? पन्नास वर्षं होत आली, अजून उघडलं नाही म्हणे. याला कामचुकारपणा म्हणायचं की अध्यात्म?

---

रंगारी

तोच, काका. रोडन क्रेटर, फ्लॅगस्टाफजवळ. १९७४ मध्ये छोटं विमान घेऊन जागा शोधत फिरला, १९७७ मध्ये विकत घेतला, तेव्हापासून आत बोगदे आणि खोल्या खणणं चालूच आहे. पैसे संपतात, थांबतं, परत चालू होतं. २०१९ मध्ये रॅपर कान्ये वेस्टने एक कोटी डॉलर दिले, असले दाते. बाकी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लेणी खोदत बसायचे त्यांना कामचुकार कोणी म्हटलं नाही, एवढंच म्हणतो.

गच्चीचं तुमचं बरोबर आहे. पण गच्चीवर आपण आभाळ बघत नाही, आभाळातल्या गोष्टी बघतो. तारे, चंद्र, विमान, पतंग. हा माणूस त्यातलं सगळं काढून टाकतो आणि नुसतं आभाळ ठेवतो. तुम्हाला आवडायलाच पाहिजे असं नाही.

---

आगाऊ_काका

वेरूळ मध्ये आणलंत, आता मी काय बोलणार.

---

न्यूकॅसलचा_पाऊस

इंग्लंडातून हजेरी. नॉर्थंबरलंडमध्ये किल्डरच्या जंगलात टरेलचं एक आहे, कॅट केर्न, २००० सालचं. राइससारखी गर्दी-बिर्दी नाही. जंगलातून चालत टेकाड चढून जायचं, एक दगडी गोल खोली, अर्धी जमिनीत पुरलेली, वर गोल भोक. तिकीट नाही, माणूस नाही, दार नाही. मी गेलो तेव्हा आत एक मेंढी होती. तीही बसलेली. मी अर्धा तास बसलो, ती उठली नाही, मीही उठवली नाही. खोली गोल असल्यामुळे आवाज असा काही फिरतो की आपणच खाकरलो तर मागून कोणीतरी खाकरल्यासारखं वाटतं. आभाळ बाकी आमचं नेहमीचं, मळकट पांढरं, पण वीस मिनिटांनी त्या मळकट पांढऱ्यातही पाच-सहा पांढरे दिसायला लागले.

मी तिथे गेलो ती वेळ जरा वाईट होती, वडील गेले त्याच वर्षी, तिकीट मिळालं नव्हतं, शेवटचं दर्शन व्हिडिओ कॉलवर. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. इतकंच की कोणी काही विचारत नाही अशी जागा लागते कधीकधी आणि देवळात लोक विचारतात.

---

निळी_शाई

@न्यूकॅसलचा_पाऊस __/\__

---

ताकामात्सूकर

जपानातून लिहितेय, नाओशिमा बेट इथून फेरीने तासाभराच्या आत. तिथे टरेलची काही कामं आहेत, चिचू म्युझियममध्ये ओपन स्काय आहे वसुधाने लिहिलं तसलंच, पण मला लक्षात राहिलं ते मिनामिदेरा. तादाओ आंदो या आर्किटेक्टने बांधलेली काळी लाकडी इमारत, १९९९ ची, पूर्वी तिथे देऊळ होतं त्या जागेवर. आत नेताना सांगतात की भिंतीला हात लावून चाला. आत जो अंधार आहे ना, तो मी आयुष्यात बघितला नव्हता. डोळे उघडे की मिटलेले तेच कळत नाही. चाचपडत बाकावर बसायचं. माझ्या शेजारी कोणीतरी जपानी आजोबा होते, त्यांच्या श्वासावरून कळत होतं की शेजारी कोणीतरी आहे. पाच मिनिटं काही नाही. दहाएक मिनिटांनी समोर काहीतरी फिकट राखाडी. वाटलं आत्ता लावला वाटतं दिवा. तर नाही, तो उजेड पहिल्यापासून तिथेच होता, आपले डोळे तयार नव्हते.

आजोबा माझ्या आधी "आ" म्हणाले. त्यांना दोन मिनिटं आधी दिसलं!

---

रंगारी

अवांतर: १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये टरेलच्या प्रदर्शनात एक बाई उजेडाच्या भिंतीला टेकायला गेल्या आणि पडल्या, कारण भिंत नव्हतीच, नुसता उजेड होता. प्रकरण कोर्टात गेलं.

---

आगाऊ_काका

बघा. चाळीतलं भोक निदान प्रामाणिक होतं.

---

हाइट्समधली

वसुधा, ह्यूस्टनमध्येच असशील तर अजून दोन बघ. एक फाइन आर्ट्स म्युझियमच्या दोन इमारतींना जोडणारा रस्त्याखालचा बोगदा, द लाइट इनसाइड, १९९९ चा. मध्ये चालायला काळी पट्टी आणि दोन्ही बाजूला भिंतींऐवजी रंग, खोली किती तेच कळत नाही. माझ्या मुलाने तिथे पाय उचलायलाच नकार दिला, म्हणे पडीन. (वरचा कोर्टाचा किस्सा आता कळला.)

दुसरं आमच्या घराजवळ, हाइट्समध्ये, लाइव्ह ओक फ्रेंड्स मीटिंग हाउस. हे क्वेकर लोकांचं (एक ख्रिश्चन पंथ) प्रार्थनेचं घर आहे. छताचा एक भाग सरकतो आणि वर चौकोन उघडतो. टरेल स्वतः क्वेकर घरात वाढला, त्याची आजी त्याला सांगायची म्हणे की आत जाऊन उजेडाला भेट. या लोकांच्या प्रार्थनेत पाद्री नाही, मूर्ती नाही, गाणं नाही, सगळे गोलात गप्प बसतात. कोणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उठून बोलतो आणि बसतो. मी शेजारणीबरोबर एकदा गेले होते. तासाभरात एकच बाई उठली आणि म्हणाली की बहिणीशी आज फोनवर बोलणार आहे. आणि बसली. बस एवढंच. मला विपश्यनेची आठवण आली, फक्त इथे पाय दुखत नाहीत, लाकडी बाक आहेत.

रॉथ्को चॅपलही जवळच, ते टरेलचं नाही, १९७१ चं, आत मोठमोठी जवळजवळ काळी १४ चित्रं. २०२४ मध्ये बेरिल वादळात छताला पाणी लागून काही महिने बंद होतं. बाहेरच्या तळ्यात उलटा मोडका ओबेलिस्क उभा आहे, आईंना तिथे बसवा, बदकं असतात.

---

दोन_मुलांची_आई

मैत्रिणींनो प्रॅक्टिकल विचारते, ५ वर्षांच्या मुलाला राइसला नेलं तर चालेल का? पार्किंग? डास?

---

वसुधा_टेक्सास

@दोन_मुलांची_आई डास भरपूर, ओडोमॉस नेलं नाही तर वर बघणं सोडून पाय झाडत बसाल. पार्किंग कॅम्पसवर पैसे देऊन. आठवड्यात एक दिवस बंद असतं आणि वेळ सूर्यास्ताप्रमाणे रोज सरकते म्हणून निघताना एकदा वेबसाइट बघा. ५ वर्षांच्या मुलाला गवताचा उतार फार आवडेल, तेवढं मात्र पोटावर घरंगळू देऊ नका, आमच्या समोर एक पोरगं घरंगळत आलं आणि कोणी ओरडलंही नाही, सगळे नुसते बघत होते, तेच जास्त लाजिरवाणं.

@हाइट्समधली मीटिंग हाउस माहीतच नव्हतं, बारा वर्षं इथे राहतेय!

काल आम्ही परत गेलो, आईच्याच आग्रहावरून, पहाटे. ढग होते. मला वाटलं फुकट गेलं उठणं. पण ढग असले की चौकोन सपाट राहत नाही, हलतो. दुधावर साय धरते आणि फुंकर मारली की सरकते ना, तसा. रंगारींनी सांगितलेली कड बघायला मी उठून खाली-वर फिरले, खरंच, जाडीच नाही कुठे, ब्लेडसारखी. आईला दाखवलं तर म्हणाली, "ते तू बघ, मी आपली वर बघते."

---

कृष्णाकाठ

आईंना सांगा, मागच्या त्रिपुरीला मी गेलो होतो खिद्रापूरला, आता गर्दी फार. रील बनवणारे, ड्रोन. चंद्र नेमका वर आला तेव्हा पन्नास मोबाइलचे टॉर्च चालू. शिळा सगळी पांढरीफटक, चांदणं कुठलं आणि टॉर्च कुठला काय कळणार. एक म्हातारे गृहस्थ "दिवे बंद करा रे" म्हणत होते, दोघा-तिघांनी केले. मी पौर्णिमा सोडून जातो आताशा. आडदिवशी दुपारी कोणी नसतं, वटवाघळं तेवढी.

डॅलसकरांची बिल्डिंग आणि आमचे टॉर्च, एकूण एकच.

---

खट्याळ_बोका

मान्य. कॉपीची चेष्टा मागे घेतो.

---

वसुधा_टेक्सास

धागा वर काढतेय, शेवटचं एक राहिलं होतं. आई मे मध्ये परत गेली. गेल्या आठवड्यात मावशीला घेऊन खिद्रापूरला जाऊन आली, आडदिवशी, कृष्णाकाठ यांनी सांगितलं म्हणून. व्हॉट्सॲपवर सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आहे, त्यातली चार मिनिटं एसटीबद्दल. पुढे सांगते की मी त्या गोल शिळेवर मांडी घालून बसले आणि वर बघितलं, "इथली कड चांगली जाड आहे गं, नक्षी दिसते, दगड दिसतो, त्यामुळे आभाळ आपलं लांब राहतं. तिकडच्यासारखं जवळ येत नाही. पण वारा येतो."

आणि मग म्हणते, मान दुखेपर्यंत बसले तर तिथला माणूस आला आणि विचारतो, "आजी, काय अडकलंय का वर?"